लेकीच्या रक्तात शिसं निघालंय. घरची हळद कारण असू शकते का?

मेघना_एडिसन

नमस्कार. मी मूळची लातूरची, आता न्यू जर्सीत. इथे मूल एक वर्षाचं आणि दोन वर्षांचं झालं की रक्तातल्या शिशाची तपासणी करावीच लागते. धाकटीची दुसरी तपासणी नुकतीच झाली. बोट टोचून घेतलेल्या रक्तात जास्त आलं, म्हणून शिरेतून घेऊन पुन्हा केली. ७.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. इथे ३.५ च्या वर गेलं की पाठपुरावा सुरू होतो. पहिल्या वर्षी तिचं २ च्या आत होतं.

आरोग्य खात्याची नर्स घरी येऊन गेली. घर नवं आहे, त्यामुळे जुन्या रंगाचा संशय नाही (घरच्या रंगातल्या शिशावर इथे १९७८ मध्ये बंदी आली). नळाचं पाणी ठीक निघालं. मग तिने काजळ, कल्हईची भांडी, भस्मं, मसाले असं एकेक विचारलं. काजळ, भस्मं यांतलं काहीच आमच्याकडे नाही. मिसळणाचा डबा उघडला तेव्हा मात्र हळदीवर तिची नजर अडली. ही हळद आई येताना गावाकडच्या एका दुकानातून सुटी आणते. चिमूटभर टाकली तरी वरण पिवळंधमक. वर्षभरापासून लेक आमच्याच ताटातलं जेवते, आणि रात्री हळदीचं दूध.

हळदीत शिसं येतं कुठून, जमिनीतून? घरी ओळखता येईल का? आणि ७ म्हणजे नेमकं किती वाईट? झोप उडाली आहे, जाणकारांनी कृपया सांगा.

प्रयोगशाळेतले_काका

मेघना, पहिलं काम: ती हळद फेकू नकोस. पिशवी बंद करून बाजूला ठेव आणि नमुना तपासायला दे.

जमिनीतून थोडं शिसं येतं, पण हळदीत मोठे आकडे येतात ते लेड क्रोमेटमुळे. शिसं आणि क्रोमियम असलेला हा पिवळाजर्द रंग, रस्त्यावरचे पट्टे आखायच्या रंगातही वापरला गेलेला. निस्तेज हळकुंडावर चोळला की माल उजळतो. बांगलादेशात याचा छडा फार चिकाटीने लावला गेला. खेड्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि आसपास ना बॅटरीचा कारखाना, ना रंगाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या संशोधकांनी रक्तातल्या शिशाची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपं, त्यांच्या प्रमाणावरून शिसं कुठलं ते कळतं) हळदीतल्या शिशाशी ताडून पाहिली, आणि ती जुळली. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सरकारने बाजारात धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केला, लोकांना सांगितलं. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. म्हणजे थांबवायचं ठरवलं तर हे थांबतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे भेसळीचा विषय निघाला की लोक हात झटकून मोकळे होतात.

आपल्याकडचंही सांगतो. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून घेतलेल्या हळदीचा अभ्यास २०२४ मध्ये आला. पाटण्याच्या काही नमुन्यांत ग्रॅममागे १००० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं होतं. भारतातली कायदेशीर मर्यादा ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम. आता हिशेब कर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांसाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम हा संदर्भ आकडा धरला आहे. कायद्यात अगदी चोख बसणारी अर्धा ग्रॅम हळद पोटात गेली तरी ५ होतात. त्यामुळे ‘मर्यादेत आहे’ एवढ्यावर दोन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत समाधान मानू नये.

घरी ओळखता येत नाही. ॲसिड टाकल्यावर गुलाबी रंग येतो ती परीक्षा मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची, शिशाची नव्हे. चवीला, वासाला काही कळत नाही. एक्स-रे फ्लुरोसन्सचं यंत्र किंवा आयसीपी-एमएस अशा प्रयोगशाळेतल्या धातू मोजायच्या तपासण्या, हाच खात्रीचा मार्ग. अहवालात शिशाबरोबर क्रोमियमही वाढलेलं दिसलं तर लेड क्रोमेटच समज.

बालरोग_नागपूर

मेघनाताई, ७ ला लगेच औषध लागत नाही. शिसं बाहेर काढायची औषधं साधारण ४५ च्या पुढे विचारात घेतात. खरा उपचार एकच, शिशाचं येणं बंद करणं. हळद आजच थांबवा. दूध चालू ठेवा, कॅल्शियम हवंच आहे. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, कारण लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. उपाशीपोटीही जास्त शोषलं जातं, तेव्हा तिचं खाणं वेळच्या वेळी असू द्या. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं दहाव्या हिश्श्याच्या आसपास शोषलं जातं, लहान मुलात निम्म्यापर्यंत. म्हणून घरात सगळे एकच वरण खातात आणि आकडा लेकीचा वाढतो.

लक्षणं दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, या पातळीला ती दिसतच नाहीत. परिणाम होतो तो बुद्धीवर, एकाग्रतेवर, आणि शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. पण तुमच्याकडे हे लवकर कळलंय. तीन महिन्यांच्या आत पुन्हा रक्त तपासा, स्रोत थांबला असेल तर आकडा उतरलेला दिसेल. काही शिसं हाडांत जाऊन बसतं, म्हणून तो एकदम शून्याला येणार नाही, त्याने घाबरू नका.

आणि गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना हीच हळद खाल्ली असेल तर तुमचंही रक्त तपासा.

वसमतचा_हळदकरी

ताई, आम्ही तीन पिढ्या हळद लावतो. शेतकरी हा रंग लावत नाही हे छातीठोक सांगतो. आमच्या हातून हळद काढणं, शिजवणं, वाळवणं आणि ढोलात घालून पॉलिश, एवढंच होतं. पुढे ती कुणाच्या गोदामात जाते, कुठे दळली जाते, ते आमच्या हातात नाही. पण सौद्यात काय चालतं ते सांगतो. वाळत घातलेल्या हळदीवर अवकाळी पाऊस पडला की हळकुंड काळपटतं. आतून तोच माल, तोच कस, पण ढिगाला हात लावला जात नाही. भाव पडतो. बांगलादेशातही हे लोण १९८० च्या दशकात पुरात भिजलेल्या हळदीपासून सुरू झालं असं वाचलंय, आणि मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. पिवळ्या रंगाला पैसा मिळतो, हळदीचा कस म्हणजे कुर्क्युमिन, त्याला मिळत नाही.

हळकुंड मोडून बघायचं असतं. कस आत असतो, नारंगी तांबूस. बाहेरून ते मळकट, खरबरीत असेल तर चांगलंच. तुमच्या आईंना सांगा, ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशचं हळकुंड घ्या, धुऊन, वाळवून, आपल्यासमोर दळा. भाजीचा रंग थोडा फिका येईल.

मेघना_एडिसन

काका, डॉक्टर, दादा, मनापासून आभार. नमुना आज नर्सकडे दिला. लोहाची तपासणी उद्या, माझीही सोबत.

आईला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, त्याच दुकानातून आमची अख्खी गल्ली हळद घेते. भावाचा मुलगा दीड वर्षाचा आहे, त्याच घरात, त्याच डब्यातलं खातो. त्याला कुणी तपासणी करायला सांगितलेली नाही, कारण तिकडे तसा नियमच नाही. भाऊ उद्या त्याला घेऊन लॅबमध्ये जातोय. डॉक्टर, लातुरात नुसतं ‘ब्लड लेड’ म्हटलं तर लॅबवाल्यांना कळेल का, की चिठ्ठीवर आणखी काही लिहून घ्यावं?

बालरोग_नागपूर

‘ब्लड लेड लेव्हल, शिरेतून’ असं लिहून घ्या. नमुना बहुधा मोठ्या शहरात पाठवतील, अहवालाला काही दिवस लागतील. तोवर त्या घरातली हळदही बंद ठेवा. गल्लीत पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका कोण आहेत ते आईंना माहीत असेलच, त्यांनाही आजच कळवायला सांगा.