मदत हवी आहे: 2009 चं मृत्युपत्र, मधल्या काळात सगळं बदललंय

घाईतली:
जरा लवकर सांगा प्लीज. मृत्युपत्र 2009 चं आहे, त्यात घर आईला. आई गेली, ते घरही विकलं, दुसरं घेतलं, सोसायटीत नॉमिनी दादा आहे. म्हणजे आता घर दादाचंच ना? वकील फोन उचलत नाहीयेत आणि जो तो वेगळंच सांगतोय.

पिंपळपान:
मृत्युपत्र कुणाचं? ती व्यक्ती हयात आहे का? वारसा कायदा धर्माप्रमाणे बदलतो, तेही सांगा.

घाईतली:
बाबांचं. हयात आहेत, म्हणून तर विचारतेय! हिंदू.

जुना_खातेदार:
नॉमिनी म्हणजे मालक, विषय संपला. आमच्या काकांचा फ्लॅट असाच चुलतभावाच्या नावावर झाला, कुणी काही बोललं नाही.

पिंपळपान:
कुणी बोललं नाही म्हणून झाला. महाराष्ट्रात सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, मालकी मृत्युपत्रावरून ठरते, ते नसेल तर वारसाहक्काने. शेअर्सच्या नॉमिनीबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये तेच सांगितलंय.

जुना_खातेदार:
मग विम्याचे पैसे नॉमिनीलाच कसे मिळतात?

पिंपळपान:
विम्याचा कायदा 2015 ला बदलला. नॉमिनी आईवडील, नवराबायको किंवा मुलं असतील तर पैसे त्यांचेच. ते घराला लावू नका.

साधी_सही:
एवढं डोकं कशाला लावताय, बाबांना सांगा आत्ताच बक्षीसपत्र करून टाका, म्हणजे जिवंतपणीच घर मुलांच्या नावावर, मागे कटकट नको. आम्ही तेच केलं.

वाटसरू:
अजिबात नको!! बक्षीसपत्र रजिस्टर झालं की घर हातातून गेलं, मृत्युपत्र माणूस शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात घर परत मिळवायची सोय आहे खरी, पण सांभाळायची अट पत्रात लिहिलेली नसेल तर म्हाताऱ्या माणसाने कुठे कुठे फिरायचं? राहतं घर जिवंतपणी कुणाच्या नावावर करू नये, मुलं कितीही चांगली असोत.

कोरापाना:
बँकेत 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी देता येतात, त्यांची टक्केवारीही ठरवता येते. आईचं नाव असेल तर आधी ते बदलून घ्या. डीमॅट आणि पीएफही बघा.

घाईतली:
बँकेचं नंतर बघू, मी घराचं विचारतेय.

पिंपळपान:
मृत्युपत्राच्या शेवटी 'उरलेली मिळकत' कुणाला लिहिलीय? तेच शब्द टाका.

घाईतली:
'माझी उर्वरित सर्व स्थावर व जंगम मिळकत माझ्या मुलास मिळावी.'

पिंपळपान:
मग सगळं ह्या ओळीत आहे. आईला दिलेलं घर उरलं नाही आणि आईही नाहीत. नवं घर 'उर्वरित' मध्ये येणार, कारण मिळकत मृत्यूच्या वेळी असेल ती धरतात. म्हणजे नॉमिनी कुणीही असो, हे मृत्युपत्र तसंच राहिलं तर घर भावाला. मृत्युपत्रच नसतं तर तुम्हा दोघांना सारखं मिळालं असतं. बाबांना काय हवंय?

घाईतली:
दोघांना अर्धं अर्धं, दादाही हो म्हणतोय. पुढच्या आठवड्यात बाबांचं ऑपरेशन आहे.

वाटसरू:
अहो ताई, हे पहिल्या पोस्टमध्येच सांगायचं ना!

पिंपळपान:
मग आजच बसा. जुन्या मृत्युपत्राला पुरवणी जोडत बसू नका, नवीनच करा. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य हवंच, एक्झिक्युटरचं, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणाऱ्याचं, नाव लिहा, प्रत्येक पानावर बाबांची सही घ्या. बाबांनी दोन साक्षीदारांसमोर सही करायची, मग त्या दोघांनी बाबांसमोर. शुद्धीत असल्याचं डॉक्टरचं पत्र तारखेसकट जोडा. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, ऑपरेशनआधी जमलं तर उत्तम. कुणाला काय द्यायचं ते बाबांनी स्वतः सांगू दे, तुम्ही दोघं खोलीबाहेर थांबा.

घाईतली:
साक्षीदार म्हणून दादा आणि वहिनी चालतील?

पिंपळपान:
नको. ज्याला काही मिळणारे तो नको आणि त्याचं माणूसही नको. शेजारी किंवा बाबांचे मित्र बघा, शक्यतो बाबांपेक्षा वयाने लहान. त्यांना मजकूर वाचायची गरज नाही, सही करताना बघितलं की झालं.

घाईतली:
ओके, शेजारच्या काकांना विचारते. डॉक्टर संध्याकाळी भेटणारेत.

जुना_खातेदार:
लॉकरलाही नॉमिनी लागतो का? आमचा जॉइंट आहे.