शिकणाऱ्याच्या मजकुरातल्या चुका किती आणि कधी दाखवायच्या?

पूर्वभागकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा मराठी लिहायला शिकणाऱ्यांचा एक गट आहे. घरी तेलुगू बोलणारे पद्मशाली (विणकर समाजातले) जास्त, काही कन्नड बोलणारे, शिवाय उर्दू माध्यमातून शिकलेली दोन-तीन मुलं. मराठी बोलतात सगळेच, मागावर, बाजारात, रिक्षात तीच चालते. लिहायला बसलं की मात्र हात अडतो. म्हणून प्रत्येकाने रविवारी आपल्या घरचं, कामाचं काहीतरी आठ-दहा ओळींत लिहून ग्रुपवर टाकायचं, असं ठरवलंय.

मागे एका मुलीने आईबद्दल लिहिलं. तिला विचारून तिच्या ओळी जशाच्या तशा देते:

"माझी आई विडी वळते. मांडीवर सूप असतो. पान भिजवून ठेवतो, मग कात्रीने कापतो. आई बोलत बोलत वळते, हाताकडे बघत पण नाही. विडीचा तोंड नखाने बंद करतो. हजारावर पैसे मिळते म्हणून ती मधे उठत नाही. मी आतल्या खोलीत अभ्यास करतो. कात्रीचा आवाज थांबला की मला कळते, आई स्वयंपाकाला उठली."

ह्यावर लगेच दुरुस्त्यांचा पाऊस. 'सूप असते', 'ठेवते', 'विडीचे तोंड', 'पैसे मिळतात', 'मी अभ्यास करते'. सगळ्या बरोबर, आणि सांगणाऱ्यांचा हेतूही चांगलाच. पण तिच्या आईबद्दल कुणी एक शब्द लिहिला नाही. पुढच्या रविवारी तिने काहीच टाकलं नाही, आणि त्यानंतर टाकला तो 'माझा आवडता ऋतू' हा निबंध. गाईडमधून उतरवलेला. त्यात शुद्धलेखनाची एक चूक नाही, पण त्यात ती मुलगीही कुठे नाही. मला फार वाईट वाटलं, कारण पहिल्या मजकुरात लिहिणाऱ्याची नजर होती.

चुका दाखवायच्याच नाहीत असं मी म्हणत नाही. आधी काय सांगायचं, किती सांगायचं, हे शिकवणाऱ्यांकडून समजून घ्यायचंय.

निवृत्त गुरुजी, अक्कलकोट तालुका

ताई, मी कन्नड माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवत आलो. त्या मुलीच्या ओळी दोनदा वाचल्या. दुरुस्त्या खूप निघाल्या असतील, पण मुळात दुखणं जवळजवळ एकच आहे, लिंगाचं. मराठीत सूप ते, कात्री ती, दोरा तो. ह्याला कारण विचारून उपयोग नाही, ते कानावर पडून आणि पाठ करूनच येतं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. तेलुगूत तर एकवचनात 'ती' आणि 'ते' ह्यांचं क्रियापदही एकच. अशा घरातून आलेलं पोर तो-ती-ते मध्ये अडखळणारच, त्याला निष्काळजीपणा म्हणू नका.

दुसरी अडचण 'मी काम केलो', 'मी पुस्तक वाचलो' ही. ही तर मराठी घरातल्या सोलापूरकरांच्या तोंडीही असते. बोलण्यात तिला हात लावू नका. लिहिताना अशा भूतकाळी वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, एवढं एकदा नीट समजावा: मी पुस्तक वाचलं, मी भाकरी खाल्ली. पण हे वेगळ्या आठवड्यात.

ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे १४ आणि १९७२चे ४, असे एकूण १८ आहेत. ते सगळे एकदम समोर ठेवले की माणूस पेन खाली ठेवतो. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, 'आणि', 'नि' असे अपवाद सोडून, एवढा एकच नियम आधी द्या. निम्मं काम तिथेच होतं असा माझा अनुभव.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. उत्तर देताना आधी मजकुराला उत्तर द्या, आणि त्या उत्तरातच बरोबर रूप येऊ द्या. तिला विचारा, "सूप दिवसभर मांडीवरच असतं का? विडीचं तोंड नखाने बंद करायला तू शिकलीस का?" ती तुम्हाला उत्तर लिहील तेव्हा 'सूप असतं' तिच्या डोळ्यांसमोर असेल. मी वर्गात वह्यांच्या समासात असे प्रश्न लिहायचो. पोरं उत्तर द्यायची म्हणून वही परत आणायची.

भरतीची तयारी

मी उर्दू माध्यमाचा. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण आहे आणि तिथे माझ्या आईची गोष्ट कुणी ऐकणार नाही. माझ्या मजकुरातली प्रत्येक चूक दाखवा, मला राग येत नाही. गोड बोलून चूक झाकलीत तर नुकसान माझं होईल. गुरुजींचं पटलं, पण सगळ्यांना एकच नियम लावू नका.

विजयपूरची सून, जुळे सोलापूर

मी शिकणाऱ्यांपैकीच. लग्न होऊन आले तेव्हा मराठी समजायची, लिहिता येत नव्हती. अशाच एका गटात मी कडक भाकरीवर लिहिलं होतं. माहेरी ज्वारीच्या भाकऱ्या पातळ थापून, वाळवून चळत करून ठेवतात, असं काहीतरी. एका काकूंनी विचारलं, तीळ वरून लावता का पिठात मळता, आणि किती दिवस टिकतात? मला इतका आनंद झाला की उत्तर म्हणून पहिल्यापेक्षा मोठा मजकूर लिहिला. मग त्यांनीच सांगितलं की 'भाकरी वाळतो' नाही, 'वाळते'. ते माझ्या पक्कं डोक्यात बसलं. त्या मुलीला एवढंच सांगा की मला पुढचं वाचायचंय. आई किती वर्षं विडी वळतेय, तिला स्वतःला वळता येते का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

इंग्रजीचे मास्तर

ह्या प्रश्नावर परभाषा शिकवणाऱ्यांत मोठा वाद झालेला आहे. १९९६ साली जॉन ट्रस्कॉट ह्यांनी मांडलं की लेखनातल्या व्याकरणाच्या दुरुस्त्यांचा उपयोग होत नाही, उलट अपायच होतो, म्हणून त्या बंद कराव्यात. १९९९ साली डाना फेरिस ह्यांनी त्यांना उत्तर दिलं की इतका टोकाचा निष्कर्ष काढायला पुरेसा आधार नाही, दुरुस्ती कशी करता ह्यावर बरंच अवलंबून आहे. नंतरच्या काही प्रयोगांत एकाच प्रकारच्या चुकीवर लक्ष ठेवलं तेव्हा सुधारणा टिकलेली दिसली. ते प्रयोग बहुतेक इंग्रजीतल्या 'ए' आणि 'द' वर झालेत, मराठी लिंगाला ते जसेच्या तसे लावू नयेत. तरी गुरुजी सांगताहेत त्याच दिशेने ते जातात.

माझी भर एवढीच: बरोबर रूप लिहून देण्याऐवजी चुकलेल्या शब्दाखाली फक्त रेघ ओढा. माहीत असलेली चूक माणूस स्वतः सुधारतो. माहीत नसलेली तुमच्याकडे विचारायला आणतो, आणि शिकवायची तीच.

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. भरतीवाल्या दादांचं म्हणणं रास्त आहे, म्हणून असं ठरवतेय: मजकुराच्या वर लिहिणाऱ्यानेच लिहायचं, 'नुसतं वाचा', 'एकच चूक सांगा' किंवा 'सगळं तपासा'. आणि काहीही लिहिलं असलं तरी पहिला प्रतिसाद मजकुरातल्या गोष्टीबद्दल हवा, व्याकरण त्याच्या खाली. विजयपूरच्या ताईंचे प्रश्न मी त्या मुलीला वाचून दाखवले. तिला वळता येते म्हणाली, पण आई वळू देत नाही. हे लिही म्हटलंय.

ठरलेले निबंधाचे विषयही बंद. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा आपल्या घरी काय चाललेलं असतं, गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, कुणाबरोबर गेलात, असं विचारणार आहे.

गुरुजी, एक विनंती. पुस्तकातल्या याद्यांत फुलं-फळं असतात. आमच्या लोकांच्या हातातल्या वस्तूंची तो-ती-ते अशी यादी द्याल का?

निवृत्त गुरुजी, अक्कलकोट तालुका

जरूर. आत्ता सुचतील तेवढी देतो. माग तो, धोटा तो, दोरा तो, टॉवेल तो, तंबाखू आमच्याकडे ती, काही ठिकाणी तो. कांडी ती, चादर ती, कात्री ती, विडी ती. सूत ते, सूप ते, पान ते, बंडल ते. तंबाखूचं दोन्ही चालतं हे आधीच सांगून टाका, नाहीतर गटात भांडण लागेल. मागावरचे बाकीचे शब्द तुमच्याच लोकांना विचारून मला पाठवा, मी लिंग लावून देतो.