शब्दचर्चा : इच्छा, वासना, तृष्णा, काम आणि हौस

प्रश्न

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मी नीतिशास्त्राची मराठी टिपणे तयार करत आहे. इंग्रजीतल्या 'डिझायर' या संज्ञेसाठी हाताशी असलेल्या पुस्तकांत कोठे 'इच्छा', कोठे 'वासना', तर कोठे 'कामना' असे शब्द योजलेले दिसतात. एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाने केलेल्या इच्छांच्या वर्गीकरणाचा भाग शिकवताना 'तहानलेल्याला पाणी हवेसे वाटणे ही नैसर्गिक आणि आवश्यक वासना होय' असे एक वाक्य वाचून दाखवले, तेव्हा वर्गात हशा पिकला. हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येतात का, आणि येत नसतील तर टिपणांत कोणता शब्द ठेवावा, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत, आणि हशा पिकला यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आपल्या टिपणांत 'इच्छा' हाच शब्द ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण असे की नीतिशास्त्राला जो प्रश्न विचारायचा आहे, म्हणजे अमुक गोष्ट हवीशी वाटणे योग्य की अयोग्य, त्याचे उत्तर संज्ञेतच दडलेले असेल, तर पुढे विचार करण्यासारखे काही उरत नाही. आजच्या मराठीत 'वासना' म्हटले की निकाल आधीच लागलेला असतो. 'इच्छा' म्हटले की तो लागायचा असतो.

'इच्छा' या शब्दाचे हे तटस्थपण आजचे नाही. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगे, म्हणजे ज्यांवरून आत्म्याचे अनुमान करायचे अशा खुणा, म्हणून सांगितली आहेत. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या प्रवेशग्रंथात तर 'इच्छा कामः' एवढीच दोन शब्दांची व्याख्या येते. तेथे इच्छा हा आत्म्याचा एक गुण आहे. रूप किंवा रस हे द्रव्याचे गुण असतात, त्याच यादीतला तोही एक. तिची स्तुती नाही, निंदाही नाही.

'वासना' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. त्याचा संबंध 'वास' या शब्दाशी, म्हणजे सुगंधित करणे या अर्थाच्या धातूशी लावला जातो. फुले काढून घेतल्यावरही करंडीला जो गंध राहतो, तसा भोगून झालेल्या अनुभवाचा मनावर उरलेला ठसा म्हणजे वासना. पतंजलीच्या योगसूत्रांच्या चौथ्या पादात कर्माच्या विपाकाला, म्हणजे फळाला, अनुरूप अशा वासनाच प्रकट होतात असे म्हटले आहे, ते याच अर्थाने. म्हणजे शास्त्रीय परिभाषेत वासना हे इच्छेचे दुसरे नाव नाही. इच्छा ज्यातून उगवते ते, आपल्या जाणिवेत बहुधा नसलेले, बीज म्हणजे वासना.

मौजेची गोष्ट अशी की हा जुना अर्थ ग्रंथांत पडून राहिलेला नाही. तो आपल्या घरांत अजून बोलला जातो. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावर जमलेली मंडळी 'कशात तरी वासना अडकली आहे' असे म्हणतात, आणि मग कोणी पुतण्या पुढे होऊन 'धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो, काळजी करू नका' असे हात जोडून सांगतो. गेलेल्या माणसाला त्या क्षणी काही इच्छा होत आहे असे तेथे कोणाला म्हणायचे नसते. देह सुटला तरी मागे राहिलेला एक गुंता त्यांच्या मनात असतो. आजारी माणसाविषयी 'जेवणावरची वासना गेली' असे म्हणतात, तेव्हाही शब्दाला कसलाच डाग नसतो. 'वासनांध', 'वासनेला बळी पडली' असल्या वर्तमानपत्री प्रयोगांनी मात्र शब्दाचा संकोच करून त्याला कामविकाराशी जखडून टाकले, आणि आपल्या वर्गातील मुलांच्या कानांना तेवढाच अर्थ ओळखीचा आहे.

म्हणून टिळकांचे 'गीतारहस्य' विद्यार्थ्यांच्या हाती देताना एक खुलासा आधी करावा लागतो. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात 'व्यवसायात्मिक बुद्धी' आणि 'वासनात्मक बुद्धी' अशी जोडी येते. पहिली कार्य-अकार्याचा निर्णय करते, दुसरीत ते करण्याची प्रवृत्ती उठते. ही वासना शुद्धही असू शकते, किंबहुना ती शुद्ध कशी होईल हाच तेथील नीतिविचाराचा गाभा आहे. आजच्या अर्थाने वाचणाऱ्याला 'शुद्ध वासना' हा वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारा शब्दप्रयोग, वाटेल आणि प्रकरण हातचे जाईल.

याच्या नेमके उलट 'हौस' या शब्दाचे झाले. मूळ अरबी 'हवस' फारसीतून आपल्याकडे आला. उर्दू-हिंदीत तो आज लालसेचा आणि कामुकतेचा शब्द आहे, तर मराठीत त्याची 'हौस' होऊन तो डोहाळजेवणात, पैठणीच्या खरेदीत आणि नाटकाच्या तालमीत जाऊन बसला. 'हौसेला मोल नाही' असे आपण कौतुकाने म्हणतो. तिकडची हवस इकडे सोवळी झाली आणि इकडची वासना ओवळी! शब्दाच्या मुळावरून त्याचा आजचा नैतिक रंग ठरवू पाहणाऱ्यांनी ही जोडी ध्यानात ठेवावी.

प्रतिसाद

वरील विवेचनाला 'तृष्णा' या शब्दाची जोड द्यावीशी वाटते, कारण बौद्ध विचार शिकवताना तो टाळता येत नाही. पालीतील 'तण्हा' म्हणजे संस्कृत 'तृष्णा', आणि आपला रोजचा 'तहान' हा शब्द त्याच घराण्यातला आहे. दुसऱ्या आर्यसत्यात दुःखाचे कारण म्हणून तण्हा सांगितली आहे आणि तिचे तीन प्रकार केले आहेत : विषयसुखाची ती कामतण्हा, असत राहण्याची ती भवतण्हा आणि नसण्याची ती विभवतण्हा. हा तिसरा प्रकार विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा, कारण 'सगळे संपून जावे' असे वाटणे म्हणजे वैराग्य, असा समज सर्रास आढळतो. बुद्धाच्या मते तीही तृष्णाच आहे. मराठीत 'विभव' म्हटल्यावर वैभव आठवते, तेव्हा येथे तो अर्थ नाही हेही सांगून टाकावे.

'बुद्धाने सर्व इच्छा सोडायला सांगितल्या' हे विधान मात्र टिपणांत येऊ देऊ नये. पालीत 'छन्द' असा आणखी एक शब्द आहे आणि तो चांगल्या अर्थानेही येतो. कुशल ते करावे, अकुशल ते सोडावे, यासाठी लागणारी इच्छा छन्दच होय. ती नसेल तर मार्गावर पाऊलच पडणार नाही. आपण टपाल तिकिटांचा किंवा गिर्यारोहणाचा छंद म्हणतो, त्या शब्दातही ही निरुपद्रवी इच्छा काही अंशी टिकून आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. आता दोन शंका उरतात. पुरुषार्थांतला 'काम' आणि षड्रिपूंतला 'काम' हे एकच का? आणि डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाच्या बुद्धीविषयीच्या प्रसिद्ध विधानात 'पॅशन' या शब्दासाठी 'विकार' चालेल का?

प्रतिसाद

शब्द एकच आहे, आणि एकाच परंपरेने त्याला साध्यांच्या यादीत आणि शत्रूंच्याही यादीत बसवावे, हीच त्यातली शिकवण्याजोगी गोष्ट आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'काम एष क्रोध एष' म्हणून त्याला वैरी ठरवले आहे, तर सातव्या अध्यायात धर्माला विरोध न करणारा काम मीच आहे असे भगवंत म्हणतात. म्हणजे काम वाईट किंवा चांगला कशाने होतो, याचे उत्तर कामाबाहेर, धर्माशी असलेल्या त्याच्या नात्यात शोधावे लागते. बृहदारण्यक उपनिषदात तर याहून मूलगामी विधान आहे : जसा काम तसा क्रतु, म्हणजे निश्चय, जसा क्रतु तसे कर्म, आणि जसे कर्म तसा माणूस होतो. इच्छा, संकल्प, कृती आणि चारित्र्य ही साखळी इतक्या कमी शब्दांत क्वचितच मांडली गेली असेल, तेव्हा टिपणांचा आरंभ तेथूनच करावा असे मी सुचवेन. आपले रोजचे 'काम', म्हणजे कार्यालयातले किंवा शेतातले, हे मात्र 'कर्म' शब्दापासून आले आहे. त्याचा या कामाशी संबंध नाही. एरवी निष्काम माणूस आणि बिनकामाचा माणूस यांत फरक उरला नसता.

ह्यूमसाठी 'विकार' घेऊ नये. बुद्धी ही 'पॅशन्स'ची दासी आहे आणि तिने तसेच असावे, असे त्याने 1739-40 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटले; परंतु त्याच्या या वर्गात परोपकारबुद्धी आणि अपत्यप्रेम यांसारख्या शांत वृत्तीही येतात. 'विकार' म्हटले की मराठी वाचकाला काम-क्रोधादी षड्रिपू दिसतात आणि ह्यूम स्वैराचाराचा पुरस्कर्ता वाटू लागतो. 'आवेग' घेतला तर शांत वृत्ती बाहेर राहतात. त्यातल्या त्यात 'मनोभाव' बरा.

आता एपिक्युरसकडे. त्याचा ग्रीक शब्द तटस्थ आहे, म्हणूनच तो तीन वर्ग करू शकतो : नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि यांपैकी काहीच नसलेल्या पोकळ इच्छा. पहिल्या वर्गाचे उदाहरण तहानलेल्याचे पाणी, दुसऱ्याचे पक्वान्न, आणि तिसऱ्याचे प्राचीन टीपाकाराने दिलेले उदाहरण म्हणजे मुकुट मिळावा, आपले पुतळे उभे राहावेत ही इच्छा. हे तिसरे उदाहरण आपल्याकडे समजावून सांगावे लागणार नाही. तिन्ही वर्गांना 'इच्छा' म्हणावे आणि फक्त तिसऱ्यासाठी, तोही वर्गात बोलताना, 'हाव' हा शब्द वापरायला हरकत नाही. 'वासना' शब्द पतंजली आणि टिळक यांच्यासाठी राखून ठेवावा, आणि प्रत्येक वेळी तळटीप द्यावी.