वध, हत्या, खून आणि सल्लेखना

विचारणा : मराठी बायबलातील दहा आज्ञांमध्ये ‘खून करू नको’ असे आहे, १६११ च्या इंग्रजी भाषांतरात मात्र ‘ठार मारू नको’ असा व्यापक अर्थ निघतो. मूळ हिब्रूला कोणते जवळचे? शिवाय आमच्या कोल्हापुरात कुणी सल्लेखना (अन्नपाणी क्रमाने सोडत मृत्यूला सामोरे जाण्याचे जैन व्रत) घेतली आणि त्याला ‘आत्महत्या’ म्हटले, तर जैन मंडळींना ते का खटकते?

उत्तर : मूळ आज्ञेतील ‘रात्साख’ हे क्रियापद युद्धातील मारण्याला किंवा पशुबळीला लावत नाहीत, म्हणून ‘खून’ अधिक जवळचा, पण बायबलातील ‘गणना’ या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात नकळत माणूस मारून आश्रयनगरात पळणाऱ्यालाही तोच धातू लावला आहे, आणि त्याला मराठीत खुनी म्हणणे अन्यायाचे होईल.

आपल्या भाषेत मारणाऱ्याविषयीचा निवाडा बहुधा शब्दातच उरकलेला असतो. अंबाबाईने कोल्हासुराचा वध केला; ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडतात तो त्याच वधाचे प्रतीक म्हणून, आणि तिथे ‘हत्या’ हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. गोहत्या, ब्रह्महत्या, भ्रूणहत्या यांत पाप गृहीतच आहे. व्याकरणाला हा भेद ठाऊक नाही, कारण पाणिनीच्या मते ‘वध’ हा ‘हन्’ (मारणे) धातूच्याच जागी येणारा आदेश, म्हणजे पर्यायी रूप आहे. कायद्याच्या मराठीने तर ‘सदोष मनुष्यवध’ म्हणून वधाचे सारे पुण्य काढून घेतले. (‘खून’ फारसीतून आला, तिकडे त्याचा अर्थ रक्त.)

सल्लेखनेचा प्रश्न अधिक खोल आहे. ‘लिख्’ म्हणजे खरवडणे, त्यावरून कृश करणे. देहाबरोबर क्रोध, मान, माया आणि लोभ हे कषाय (मनोविकार) ही कृश करत जाणे, हा या व्रताचा अर्थ. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने हिंसेची व्याख्या ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’ अशी केली आहे, म्हणजे प्रमादयुक्त (बेसावध, विकारवश) वृत्तीने प्राण हिरावणे. आणि सल्लेखनेत असा प्रमाद नसतो, असे त्या ग्रंथाचे भाष्यकार सांगतात. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा (सल्लेखनेचेच दुसरे नाव) आत्महत्येत मोडतो असे ठरवले, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. श्रद्धावंताच्या दृष्टीने ‘समाधिमरण’ हाच शब्द योग्य, आणि तटस्थपणे लिहिणाऱ्यानेही ‘सल्लेखना घेतली’ एवढेच लिहावे, असे माझे मत आहे.

आत्मा मरत नाही हे गीताही सांगते, जैन दर्शनही सांगते. पण ‘न हन्यते हन्यमाने शरीरे’ या वचनाचा आधार घेऊन अर्जुनाला युद्धाला उभे केले जाते, तर जैन विचारात प्राणघाताचे कर्म मारणाऱ्याच्या पुढच्या जन्मांना चिकटते. ‘आत्महत्या’ शब्दातील ‘आत्म’ म्हणजे केवळ ‘स्वतः’. ईशोपनिषदातील ‘आत्महनो जनाः’ (शब्दशः, आत्म्याला मारणारे लोक) मेल्यानंतर अंधाराने वेढलेल्या लोकांत जातात. तिथे शंकराचार्य आत्मस्वरूप न जाणणारे अज्ञानी लोक असा अर्थ घेतात, म्हणून त्या मंत्राच्या मराठी अनुवादात ‘आत्महत्या करणारे’ असे लिहिणे मला चुकीचे वाटते.