मदत हवी आहे : नाकातून दुर्बिणीने पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन, नंतर देवगडला घरी काळजी कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय 61) पिट्युटरी ग्रंथीत (मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन तयार करणारी छोटी ग्रंथी) गाठ निघाली आहे. 2.6 सेमी, रिपोर्टवर 'मॅक्रोअ‍ॅडिनोमा' लिहिलंय, म्हणजे या ग्रंथीची एक सेमीहून मोठी गाठ. वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसांवर ती दाबते आहे. समोरचं सगळं स्वच्छ दिसायचं, पण आंब्याच्या कलमांत फिरताना बाजूची फांदी लागायची, स्कूटर गडग्याला (दगडी कुंपणाला) घासायची. मोतीबिंदू असेल म्हणून कणकवलीला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं ते पाहणारी तपासणी) केली आणि थेट एमआरआय करायला लावला. त्यांचे उपकार विसरणार नाही.

प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं एक हार्मोन) थोडंच वाढलंय, म्हणजे गोळ्यांनी आटोपणारी ही गाठ नाही, असं न्यूरोसर्जन म्हणाले. कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी आल्यामुळे त्याची भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोन सुरू आहे. ईएनटी सर्जन आणि न्यूरोसर्जन मिळून नाकपुड्यांतून दुर्बीण घालणार, स्फेनॉइड सायनसमधून (नाकाच्या मागची हाडातली पोकळी) मागचं पातळ हाड उघडून गाठ काढणार आणि गरज पडली तर नाकाच्या पडद्याचंच अस्तर वळवून ती जागा बंद करणार. डोकं उघडायचं नाही म्हटल्यावर घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आत्या तर 'किरकोळ आहे' असंच सगळ्यांना सांगते. मला ते पटत नाही. बाहेर टाका दिसला नाही तरी काम मेंदूच्या आवरणाला लागूनच आहे.

गोव्यात करावं की मुंबईत, हे अजून ठरत नाही. डोंबिवलीला भाऊ आहे, त्यामुळे मुंबईत राहायची सोय आहे. गोवा जवळ पडतं. नजरेचा प्रश्न असल्याने फार थांबू नका, असं सांगितलंय.

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया सांगा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातलं सोडियम उतरू शकतं म्हणे, आणि तोवर बहुतेक डिस्चार्ज झालेला असतो. तुम्ही तेवढे दिवस हॉस्पिटलजवळच राहिलात, की गावी येऊन तपासणी केलीत? तहान आणि लघवी एकदम वाढली तर मोजमाप कसं ठेवलंत? नाकातून पाण्यासारखं गळायला लागलं, वाकल्यावर वाढलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं आणि त्यातून मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग) धोका असतो. रात्री असं झालं तर देवगडहून आधी कुठे न्यायचं, हे मला आत्ताच लिहून ठेवायचंय.

नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, वजन उचलायचं नाही. आमच्याकडे संडास उकिडवं बसायचा आहे, म्हणून कमोडची खुर्ची आणतोच आहे. पण बाबांना मोहोराच्या फवारणीची काळजी लागली आहे. पाठीवरचा पंप घेऊन, वाकून काम करायला तुमच्या डॉक्टरांनी किती आठवड्यांनी परवानगी दिली? यंदा गडी लावू, पण त्यांना पटवायला कुणाचा तरी अनुभव हवा.

अजून एक. वास परत येतो का? पेटी भरताना आढीतला आंबा बाबा वासावरून निवडतात, आणि हे त्यांनी डॉक्टरांना विचारलंच नाही. अस्तर वळवताना वासाचा भाग वाचवता येतो का, हे ऑपरेशनआधी सर्जनना विचारणार आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असं ऑपरेशन कुणी केलं असेल, तर कागदपत्रं काय लागली आणि मंजुरीला किती वेळ गेला तेही लिहा.