ऑनलाइन डावात समोरच्याशी बोलायचं कधी आणि कसं?

तिरका_उंट

नमस्कार मंडळी,

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर रॅपिड खेळतो, बहुतेक १०+०, कधी १५+१० (पहिला आकडा प्रत्येकाची मिनिटं, दुसरा चालीमागे वाढणारे सेकंद). क्लबात डाव संपला की दोघं सोंगट्या पुन्हा मांडतात, "इथं घोडा का नाही आणलास?" म्हणत मागे जातात, आणि शिकायला मिळतं ते निम्मं तिथेच. ऑनलाइन खेळात हा भाग गळून पडतो. तर नेमके प्रश्न:

चालू डावात चॅटमध्ये लिहिलं तर समोरच्याला त्रास होतो का? सुरुवातीच्या 'हॅलो'ला उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? डाव संपताच लोक निघून जातात, त्यांना दहा मिनिटं थांबवायची काही रीत आहे का? आणि ११ वर्षांच्या मुलीच्या खात्यावर चॅट चालू ठेवावं का?

घड्याळ_दाबा

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर घड्याळात आहे.

१०+० मध्ये चालीमागे एकही सेकंद वाढत नाही. फोनवर देवनागरीत पंधरा शब्दांचं वाक्य लिहायला अर्धं मिनिट सहज जातं, म्हणजे तुमच्या सगळ्या वेळेचा विसावा हिस्सा. ३+२ मध्ये तेच अर्धं मिनिट सुरुवातीच्या वेळेचा सहावा हिस्सा होतो. शिवाय फोनचा कीबोर्ड वर आला की पट झाकला जातो, आणि तेवढ्यात समोरच्याने चाल केली तर ती उशिरा दिसते. आपल्या वेळेत लिहिलं तर नुकसान आपलं, आणि त्याची वेळ चालू असताना लिहिलं तर विचार त्याचा मोडतो. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत ११.५ कलम आहे: प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करायचं नाही, त्याला कोणत्याही प्रकारे त्रास द्यायचा नाही. ते समोरासमोरच्या खेळासाठी लिहिलेलं असलं तरी ऑनलाइनही हेच पाळावं असं माझं ठाम मत आहे.

म्हणून बुलेट-ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, चॅटखालची तयार बटणं पुरेशी आहेत. सुरुवातीला HI (हाय), GL (गुड लक), HF (हॅव फन), U2 (यू टू) आणि शेवटी GG (गुड गेम), WP (वेल प्लेड), TY (थँक यू), GTG (गॉट टू गो), BYE (बाय). एकदा दाबलं की पूर्ण वाक्य जातं, वेळ जात नाही. एक पथ्य मात्र पाळा: 'गुड गेम' हा शब्द हरणाऱ्याने आधी म्हणावा. जिंकणाऱ्याने मात होताक्षणी तो टाकला तर कित्येकांना तो टोमणा वाटतो. जिंकलात तर 'वेल प्लेड' म्हणा आणि थोडं थांबा.

उत्तर न येण्यामागे बहुतेक वेळा उद्धटपणा नसतो. लिचेसवर चॅटच्या पेटीतच ती बंद करायची सोय आहे, आणि समोरच्याने ती बंद केली आहे हे आपल्याला दिसत नाही. कीबोर्डवर 'z' दाबून झेन मोड लावला की पट आणि घड्याळ सोडून जवळपास सगळं नाहीसं होतं. फोनवर चॅट वेगळ्या चिन्हामागे असतं, तिकडे डावभर कुणी बघतही नाही. त्यामुळे एकदा लिहावं, उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहू नये.

तिरका_उंट, तुम्हाला खरंच गप्पा हव्या असतील तर १०+० सोडा. १५+१० किंवा ३०+२० घ्या. तिथे ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पहिल्या पाच-सहा ओळखीच्या चालींत "कुठून खेळता?" एवढं बोलणं खपून जातं. त्यानंतर डाव संपेपर्यंत गप्प.

सातव्या_पट्टीचा_हत्ती

घड्याळ_दाबा यांच्याशी एका गोष्टीवर थोडा मतभेद. ३०+२० मध्येही चालू डावात स्थितीबद्दल अवाक्षर काढू नये, 'अरेरे, वजीर गेला' एवढंसुद्धा. समोरच्याला ती सूचना वाटते किंवा डिवचणं वाटतं, आणि दोन्ही वाईट. 'ड्रॉ?' असं चॅटमध्ये लिहिणंही चुकीचं. तो प्रस्ताव धरला जात नाही, बटण दाबलं तरच धरला जातो. नाकारला तर लगेच दुसऱ्यांदा दाबू नका. बोट घसरून चुकीची चाल झाली तर टेकबॅकचं (चाल मागे घेऊ देण्याच्या विनंतीचं) बटण एकदा दाबावं, समोरच्याने नाही दिलं तर विषय संपला. कित्येकांनी सेटिंगमध्येच टेकबॅक बंद ठेवलेला असतो. उलट बाजूने, समोरच्याचं नेट गेलेलं दिसलं तर स्पर्धेबाहेरच्या डावात त्याला १५ सेकंद द्यायचं बटण आहे. एक शब्दही न लिहिता ओळख व्हायचा हा सगळ्यात चांगला मार्ग.

आता तिसरा प्रश्न, म्हणजे डावानंतर थांबवणं. रीमॅच (त्याच्याशीच पुन्हा डाव) आणि विश्लेषण यांतलं एकच मागा. दोन्ही विचारलं की माणूस रीमॅच निवडतो, तो संपला की तिसरा डाव, आणि बोलणं राहून जातं. मात झाल्यावर पहिल्या मिनिटात एका विशिष्ट चालीवर प्रश्न टाका: "१८व्या चालीला हत्ती d1 वर आणला असता तर?" नुसतं "अ‍ॅनालिसिस करायचं?" म्हटलं तर लोक सटकतात, नेमका प्रश्न आला की उत्तर द्यावंसं वाटतं. लिचेसचा चॅट-संदेश १४० अक्षरांचा असतो, तेवढ्यातच मांडा.

समोरचा हो म्हणाला की त्या डावाच्या विश्लेषणाच्या पानावरून 'स्टडी', म्हणजे दोघांनी मिळून चाली तपासायचा सामायिक पट, तयार करा. दृश्यता 'फक्त निमंत्रितांना' ठेवा. सदस्यांच्या यादीतून त्याचं नाव टाकून बोलवा. बहुतेक जण अडकतात ते पुढे: बोलावलेला माणूस आधी नुसता प्रेक्षक असतो, त्याला सोंगट्या हलवून दाखवता येत नाहीत. त्याच्या नावापुढच्या चक्रातून त्याला योगदानकर्ता करा. मग दोघांचंही 'सिंक' (दोघांना एकच स्थिती दिसणं) आणि 'रेक' (चाली नोंदल्या जाणं) चालू आहे ना ते बघा. 'रेक' बंद असेल तर तुम्ही चाली दाखवत बसता आणि त्याच्या पटावर काहीच हलत नाही. निमंत्रण जातच नसेल तर त्याने आपल्या सेटिंगमध्ये स्टडीची निमंत्रणं बंद किंवा फक्त मित्रांपुरती ठेवलेली असतात. तेव्हा दुवा पाठवायचा, आणि स्टडी 'अनलिस्टेड' (दुवा असलेल्याला उघडणारी) करायची, नाहीतर त्याला दार बंदच दिसेल.

स्टडीच्याच सेटिंगमध्ये संगणकीय विश्लेषण सुरुवातीला 'कुणालाही नाही' करून ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती. इंजिनचा, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमचा, स्थिती कुणाची बरी हे सांगणारा आकडा दिसला की दोघं आकड्याकडे बघतात आणि बोलणं थांबतं. आधी दोघांनी आपापले विचार सांगायचे: कुठे घाबरलो, कोणती चाल दिसलीच नाही, कोणता उंट उगाच बदलला. पंधरा मिनिटांनी इंजिन लावा आणि ज्या दोन-तीन जागी मतभेद राहिले तेवढ्याच तपासा.

समोरचा निघून गेलाच असेल तर डावाच्या पानावर लिहून उपयोग नाही, त्याला ते कळायची शक्यता कमी. खाजगी संदेश पाठवा, त्यात डावाचा दुवा आणि तो एक प्रश्न. त्याने संदेश फक्त मित्रांसाठी ठेवले असतील तर तिथेच थांबा.

आणखी एक. अरीना स्पर्धेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत जमतील तेवढे डाव खेळायच्या स्पर्धेत, ओळखी होत नाहीत. डाव संपला की पुढची जोडी लागते, थांबणाऱ्याचे गुण बुडतात. स्विस स्पर्धेत, म्हणजे ठरावीक फेऱ्यांच्या स्पर्धेत, लवकर मोकळा झालेला खेळाडू फेरी संपेपर्यंत बसून असतो आणि स्पर्धेच्या चॅटमध्ये बोलतो. लिचेसवर स्विस स्पर्धा टीमच्या (खेळाडूंच्या गटाच्या) आतच होतात, म्हणून आपल्या गावातली, कॉलेजातली किंवा मराठी खेळाडूंची टीम शोधा किंवा नवी काढा. आठ-दहा जणांनी दर रविवारी १०+५ च्या पाच फेऱ्या खेळल्या तरी महिन्याभरात त्याच माणसांशी दोन-तीनदा गाठ पडते.

घोडा_अडीच_घर

मुलीबद्दल: लिचेसच्या सेटिंगमधला किड मोड लावा, दुसरा विचार करू नका. चॅट, खाजगी संदेश, फोरम सगळं एकदम बंद होतं, खेळ मात्र तसाच चालू राहतो. चेस डॉट कॉमवर खेळत असेल तर त्यांचं मुलांसाठी चेसकिड हे वेगळं संकेतस्थळ आहे. तिला डावानंतर बोलायचंच असेल तर ओळखीच्या मुलामुलींबरोबर, घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. वापरनावात खरं नाव, शाळा, जन्मसाल काही नको. 'सान्वी२०१४' अशा नावातून वय कुणालाही कळतं.

मोठ्यांसाठीही दोन गोष्टी. शिवीगाळ झाली तर उत्तर देऊ नका. आधी तक्रार करा, मग ब्लॉक. ब्लॉक केलेल्याचे संदेश आणि आव्हानं येत नाहीत. दुसरं, हरल्यावर चॅटमध्ये 'तू इंजिन वापरतोस' कधीही लिहू नका. खरा दोषी सावध होतो आणि निर्दोष माणूस दुखावतो. संशय असेल तर त्याच्या प्रोफाइलवरून डावांचे दुवे देऊन तक्रार करा आणि पुढे चला. तक्रार तपासणाऱ्यांकडे चालींच्या वेळांसकट माहिती असते, आपल्याकडे एका डावाचा राग असतो.

तिरका_उंट

सगळ्यांचे मनापासून आभार. किड मोड लावला, आणि आज १५+१० नंतर स्टडी करून बघतो. एक राहिलं: कॉरस्पॉन्डन्स डावात (एकेका चालीला काही दिवस मिळतात त्या डावात) रोज थोडंथोडं बोललं तर चालतं का?

सातव्या_पट्टीचा_हत्ती

चालतं, उलट गप्पांसाठी तोच सगळ्यात चांगला प्रकार. पत्रानं बुद्धिबळ खेळणारे लोक कार्डावर चालीच्या शेजारी खुशाली लिहीत. त्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना आयसीसीएफ १९५१ पासून आहे.

लिचेसवर चालीमागे १ ते १४ दिवस मिळतात. ३ दिवस घ्या. दोघांनीही पूर्ण वेळ वापरली तर ४० चालींचा डाव २४० दिवस चालतो, प्रत्यक्षात बराच आधी संपतो. डाव 'कॅज्युअल' ठेवा, रेटिंगची धास्ती नसली की माणसं मोकळी बोलतात. पाऊस, नोकरी, कुठली स्पर्धा बघितली, कोणतं ओपनिंग आवडतं, काहीही बोला. चालू असलेल्या स्थितीबद्दल मात्र एकमेकांशीही नाही आणि तिसऱ्याशी तर अजिबात नाही. ओपनिंग एक्सप्लोरर (आधीच्या डावांतल्या सुरुवातीच्या चालींचा संग्रह) बघायला परवानगी आहे, इंजिनला नाही. स्वतःचे बेत लक्षात ठेवायला चॅटशेजारी 'नोट्स'चा कप्पा आहे, तो फक्त तुम्हाला दिसतो. पाठवण्याआधी आपण कोणत्या कप्प्यात लिहितोय ते दोनदा बघा. बेत चॅटमध्ये गेला तर परत घेता येत नाही.