जुना सीडी प्लेयर शेवटच्या ट्रॅकवर उड्या मारतो: पिकअप बदलावा की नवा घ्यावा?

धैवत_कोमल:
नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकातला जपानी बनावटीचा सीडी प्लेयर आहे. पिकअपवर (लेसर आणि लेन्स असलेला, डिस्क वाचणारा भाग) केएसएस-२१३बी असं छापलेलं आहे. लक्षणं अशी:

डिस्क टाकली की टीओसी (डिस्कची अनुक्रमणिका) लगेच वाचतो, पहिली ४५-५० मिनिटं एकदम स्वच्छ वाजतं. पुढे उड्या सुरू. शास्त्रीय संगीताच्या ७० मिनिटांच्या डिस्क असल्यामुळे नेमकी द्रुत बंदिश रंगात आली की गाडी रुळावरून घसरते. उडी दरवेळी वेगळ्या जागी येते आणि त्याच डिस्क लॅपटॉपच्या ड्राइव्हवर शेवटपर्यंत नीट वाजतात. शिवाय ट्रे बंद होताना कधी कधी अर्ध्यावर अडतो.

दुरुस्तीवाल्याने प्लेयर न उघडताच 'लेन्स गेली' म्हणून २,५०० रुपये सांगितले. प्रश्न तीन. खरंच लेन्स गेली का? त्यापेक्षा आजचा साधा नवा प्लेयर घेतला तर आवाजात फरक पडेल का? आणि जुन्यालाच बाहेरचा डॅक (डिजिटल डेटाचा अॅनालॉग आवाज करणारं यंत्र) जोडण्यात काही अर्थ आहे का?

स्लेड_मोटर:
लेन्स गेली असती तर तक्रार बहुतेक उलट्या टोकाला असती. सीडी आतून बाहेर वाचली जाते. टीओसी सर्वात आतल्या कड्यावर असतो, आणि तिथे डिस्क मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते. बाहेरच्या काठाला हाच वेग २०० च्या आसपास येतो. लेसर क्षीण झाला किंवा स्पिंडल मोटर (डिस्क फिरवणारी) थकली की आधी टीओसी वाचायला वेळ लागतो, 'नो डिस्क' येतं, सीडी-आर (घरी लिहिलेली सीडी) नाकारली जाते. तुमच्याकडे सुरुवात ठणठणीत आहे. म्हणजे संशय स्लेडवर, पिकअपला आतून बाहेर सरकवणाऱ्या यंत्रणेवर.

होतं काय ते सांगतो. ट्रॅक १.६ मायक्रॉन अंतराने असतात. बारीक पाठलाग लेन्स स्वतः करते, कॉइलवर तरंगत थोडी थोडी बाहेरच्या बाजूला झुकत. ती पुरेशी झुकली की ट्रॅकिंग सिग्नलमधला (लेन्सला ट्रॅकवर धरणाऱ्या सिग्नलमधला) डीसी, म्हणजे स्थिर भाग, वाढतो, स्लेड मोटर जरासं फिरते आणि अख्खा पिकअप किंचित पुढे सरकतो. ग्रीस वाळलं की मोटरला तेवढा जोर पुरत नाही. लेन्स झुकत झुकत टोकाला जाते आणि ट्रॅक सुटतो. वरचं झाकण काढून वाजवलंत तर हे चक्क दिसतं: उडीच्या आधी काही सेकंद पांढरा गिअर हलतच नाही, मग एकदम टचकन दोन-तीन दाते पुढे जातो. (लेसर ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त आहे, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. लेन्सवर डिस्क नसताना वाकून बघू नका.)

उघडण्याआधी एक चाचणी मात्र कराच. ५० मिनिटांनी प्लेयर गरमही झालेला असतो, त्यामुळे जागा आणि उष्णता यांची गल्लत होते. रात्रभर बंद ठेवा, सकाळी चालू करून थेट शेवटच्या ट्रॅकवर जा. थंड असतानाही उड्या आल्या तर स्लेड. थंड असताना नीट आणि तासाभराने पहिल्या ट्रॅकवरही उड्या, तर मोटर ड्रायव्हर आयसी (मोटरला वीज पुरवणारी चिप) किंवा त्याचं सुटलेलं सोल्डर. मग ग्रीस बदलून काही उपयोग नाही.

स्लेड निघाला तर काम असं:

प्लग काढा. ट्रे बाहेर घेऊन डिस्क दाबणारा चुंबकाचा आडवा पूल काढा. बहुतेक ठिकाणी दोन स्क्रू असतात. पिकअप ज्या स्टीलच्या दांड्यावरून सरकतो तो, आणि समोरची प्लॅस्टिकची पट्टी, दोन्ही ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने (आयपीए) पुसा. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात इतर पदार्थ असतात आणि डाग राहतात. गिअरच्या दात्यांमधलं जुनं ग्रीस टूथपिकने खरवडून काढा. नव्या ग्रीसच्या खाली जुनं ठेवलंत तर दोन महिन्यांत पुन्हा तेच. दांड्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटाने पसरा, इतका पातळ की बोट फिरवल्यावर फक्त चकाकी राहावी. गिअरला प्लॅस्टिकला चालणारं पांढरं ग्रीस, सगळे गिअर मिळून तांदळाच्या दाण्याएवढं. डब्ल्यूडी-४० अजिबात नको: ते आधी सगळं सैल करतं, मग उडून जातं आणि धूळ धरणारा थर मागे ठेवतं.

दात्यांना चिरा आहेत का तेही भिंगातून बघा. मोटरच्या दांड्यावर दाबून बसवलेला छोटा गिअर तडकलेला असेल तर तो मोटरवरच घसरतो, आणि मग ग्रीस कितीही चांगलं असलं तरी उडी येणारच.

हात घातलाच आहे तर लेन्सही पुसा. इअरबड आयपीएने ओला करून झटका, दाब न देता लेन्सवर दोन वेळा फिरवा, मग कोरड्याने एकदा. लेन्स प्लॅस्टिकची आहे, अॅसिटोन लावलंत तर संपली. ब्रशवाली क्लीनिंग डिस्क मी सुचवणार नाही.

धैवत_कोमल:
थंड असतानाही शेवटच्या ट्रॅकवर उड्या येतात. उघडून बघितलं, दांड्यावरचं ग्रीस वाळून चिकट पिवळं झालंय, पिकअप बोटाने ढकलला तर मध्यापर्यंत सरकतो आणि पुढे जड लागतो. गिअरला चिरा दिसत नाहीत. स्लेड मोटरच्या वायरी सोडवून मोजलं तर १४ ओहम. हे बरोबर आहे का?

एलएम३१७:
ठीक आहे. अशा ब्रशवाल्या मोटरींचा रोध साधारण १० ते ५० ओहम असतो. पण नुसता आकडा पाहून थांबू नका, मल्टिमीटर लावलेला ठेवून मोटरचा दांडा बोटाने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. आकडा एखाद्या जागी दोन-तीन ओहमवर कोसळला तर कम्युटेटरच्या (मोटरच्या आत ब्रश ज्यावर घासतात तो फिरता भाग) फटींत कार्बन साठलाय. जोड एकदम तुटलेला दाखवला तर ब्रश झिजलाय. वायरी सुट्या असतानाच १.५ व्होल्टचा सेल लावून दोन्ही दिशांनी फिरवून बघा. अडखळता कामा नये. हीच चाचणी स्पिंडल मोटरलाही करा.

स्पिंडल मोटर बदलायची वेळ आलीच तर आधी डिस्क बसते त्या बैठकीची उंची व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. ती दांड्यावर नुसती दाबून बसवलेली असते. नवीन मोटरवर पाव मिलिमीटर वरखाली बसली तरी फोकसचा तोल जातो, आणि मग माणूस बिचाऱ्या पिकअपला दोष देत बसतो.

पिकअपबद्दल. २१३बी आजही मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारलात तर मिळतो, पण त्या नावाने विकले जाणारे बहुतेक नग नकलाच असतात. काही बरे चालतात, काहींत नवीन असतानाच लेन्स तिरकी बसलेली असते. घ्यायचाच झाला तर दोन गोष्टी. एक, नव्या पिकअपच्या छोट्या बोर्डवर स्थिर विजेपासून लेसर वाचवायला सोल्डरचा एक ठिपका टाकून दोन टोकं जोडलेली असतात. फ्लॅट केबल आधी जोडायची, मग तो ठिपका काढायचा. उलट केलंत तर कोरड्या हवेत एका स्पर्शात डायोड जातो. ठिपका काढायलाच विसरलात तर लेसर पेटतच नाही आणि नवा पिकअप 'खराब निघाला' म्हणून परत जातो. दोन, पिकअपच्या बाजूचा तो बारीकसा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रोध). तो फिरवून लेसरची शक्ती वाढवली की मेलेला प्लेयर वाजायला लागतो हे खरं, पण लेसर झपाट्याने झिजतो. ऑसिलोस्कोपवर आरएफचा (डिस्कवरून वाचलेल्या सिग्नलचा) आय पॅटर्न, म्हणजे त्याची डोळ्यासारखी आकृती, बघितल्याशिवाय त्याला हात लावू नये. 'प्रीसेट मारून' दिलेला सेकंडहँड प्लेयर घेऊ नये तो याचसाठी.

तुमच्या बाबतीत आत्ता यातलं काहीच लागत नाही. साफसफाईचा खर्च फार तर शंभर-दोनशे.

पंचाहत्तर_ओहम:
आवाजाच्या प्रश्नाकडे येतो, कारण तिथे सर्वात जास्त पैसे वाया जातात.

प्लेयरला वाचता येतंय तोवर वाचलेला डेटा सारखाच असतो. सीडीवरची सीआयआरसी (चुका भरून काढणारी संकेतपद्धत) दुरुस्ती सलग सुमारे ४,००० बिट, म्हणजे ट्रॅकच्या लांबीत अडीच मिलिमीटरपर्यंतची गाळलेली जागा पूर्ण भरून काढते. त्यापलीकडे गेलं की प्लेयर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो, आणि तेही जमेना की आवाज बंद करतो किंवा टिकटिक येते. 'लेसर थकल्यामुळे आवाज मऊ झाला, बेस गेला' असं काही नसतं.

दोन प्लेयरमधला ऐकू येणारा फरक बहुतेक वेळा पातळीचा असतो. ठरलेलं आउटपुट २ व्होल्ट, पण बाजारात २.३ व्होल्ट देणारेही सर्रास आहेत. तो फरक १.२ डेसिबल होतो. कानाला तो 'जास्त मोठा' वाटत नाही, 'जास्त मोकळा, जास्त जिवंत' वाटतो. तुलना करायचीच तर ४०० हर्ट्झचा साइन टोन सीडी-आरवर घ्या, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही प्लेयर एक टक्क्याच्या आत जुळवा (०.१ डेसिबलपेक्षा कमी). १ किलोहर्ट्झ मुद्दाम सांगत नाही, स्वस्त मल्टिमीटर तिथे चुकीचा आकडा दाखवू शकतात. एवढं केल्यावर बऱ्याच जणांची 'रात्र आणि दिवस' वाली मतं शांत होतात.

गंमत म्हणून सांगतो: १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये विक्रीला आलेल्या सोनी सीडीपी-१०१ मध्ये दोन्ही चॅनेलना मिळून एकच डॅक होता, पाळीपाळीने वापरलेला. त्यामुळे एक चॅनेल सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे. हवेत ध्वनी तेवढ्या वेळात चार मिलिमीटरही जात नाही. तुमची मान त्याहून जास्त हलते. फिलिप्सने टीडीए१५४० हा १४ बिटचा डॅक चौपट ओव्हरसॅम्पलिंगसोबत (नमुन्यांच्या मध्ये आणखी नमुने मोजून घालणं) वापरला, आणि तोही उत्तम वाजायचा. आज फिलिप्सच्याच टीडीए१५४१ए या डॅकवर मुकुटाचा छाप आहे म्हणून जी किंमत लावतात ती संग्राहकांची किंमत आहे, आवाजाची नाही.

जुन्या प्लेयरमध्ये आवाज खरोखर बिघडतो तो अॅनालॉग बाजूला. एक चॅनेल मंद किंवा खरखरीत असेल तर आउटपुटच्या म्यूट रिलेचे (आवाज बंद-चालू करणारा स्विच) संपर्क काळे पडलेत का बघा. दोन्ही चॅनेलमध्ये घरघर असेल तर पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर: तीच क्षमता, तोच किंवा वरचा व्होल्टेज, १०५ अंशांचे. तुमची तशी तक्रारच नाही, त्यामुळे मागे कोअॅक्सियल किंवा ऑप्टिकल आउटपुट असेल तरी डॅक ही गरज नाही, हौस आहे.

नवीन प्लेयरचा फायदा आवाजात कमी, रिमोट आणि वॉरंटीत जास्त. सीडी-आरडब्ल्यू (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी) वाचणं हाही एक: तिची परावर्तनक्षमता १५ ते २५ टक्के, छापील सीडीची ७० च्या वर. नव्वदच्या दशकातले बरेच प्लेयर तिला ओळखतच नाहीत, त्यात बिघाड काही नसतो.

फ्लॅकवाला:
'सगळे सारखेच वाजतात' याला एक अपवाद जोडतो. ऐंशीच्या दशकातल्या काही डिस्क, जास्त करून जपानी छपाईच्या, प्री-एम्फसिस देऊन बनवलेल्या आहेत: तीव्र स्वर वाढवून नोंदवलेले, वरच्या टोकाला जवळजवळ १० डेसिबलपर्यंत. सीडी प्लेयर डिस्कवरचा ध्वज (खूण) वाचून ते आपोआप खाली आणतो. संगणकावर रिप केलं (फाइल म्हणून उतरवलं) की ते तसंच राहतं आणि झांजा कानात टोचतात. काही डिस्कवर तो ध्वज टीओसीत नसून फक्त सबकोडमध्ये (आवाजासोबत ट्रॅकभर चालणाऱ्या माहितीत) असतो, त्यामुळे रिपिंगच्या प्रोग्रामलाही कळत नाही. अशा डिस्कसाठी जुना प्लेयर जपून ठेवा.

बाकी रिप करूनही ठेवाच. ईएसी (रिपिंगचा प्रोग्राम), सिक्युअर मोड, अॅक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपच्या ऑनलाइन नोंदी) पडताळणी. एका डिस्कचं फ्लॅक (आवाजात काही न गमावता दाबलेली फाइल) साधारण ३०० ते ४०० एमबी.

आणि डिस्ककडेही एकदा बघा. १९८८ ते १९९३ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ (फिलिप्स-ड्यूपाँट) कारखान्यात छापलेल्या काही डिस्क काठाकडून तांबूस होत जातात, कारण वरच्या लॅकरने कागदातल्या गंधकापासून धातूचा थर वाचवला नाही. तिथेही शेवटचे ट्रॅकच आधी जातात. तुमच्या डिस्क लॅपटॉपवर नीट वाजतायत म्हणजे हा घोळ नसावा, पण आतल्या कड्यावर पीडीओचं नाव दिसलं तर त्या डिस्क पहिल्यांदा रिप करा.

धैवत_कोमल:
दांडा आणि गिअर साफ करून नवीन ग्रीस दिलं. ७३ मिनिटांची डिस्क शेवटपर्यंत वाजली, लेन्स आता टोकाला झुकत नाही. प्रीसेटला हात लावलेला नाही. राहिला ट्रे. बेल्ट ढिला आहे, त्यावर छाप काही नाही. माप कसं घ्यायचं?

स्लेड_मोटर:
बेल्ट काढून चपटा दाबा, दोन कडांमधलं आतलं अंतर मोजून दुप्पट करा: तो आतला घेर. जुना बेल्ट ताणलेला असतो, म्हणून त्यापेक्षा ५ ते ७ टक्के लहान घ्या. छेद चौकोनी असेल तर चौकोनीच, जाडी १.२ मिमी असेल तर १.२ च. जास्त घट्ट घेतलात तर मोटरचं बेअरिंग खातो आणि ट्रे धाडकन बंद होतो.

नवा घालण्याआधी दोन्ही पुलींच्या खाचा आयपीएने पुसा. जुन्या रबराचा काळा थर राहिला तर नवा बेल्टही घसरेल. ट्रेच्या दोन्ही बाजूंच्या खाचा पुसून घ्या, तिथे तेल नको. नोटांना लावायची साधी रबर बँड आठवडाभर चालेल, पुढे वितळून पुलीला चिकटेल.